म्हणे आणि आहे

तीर्थयात्रा आणि सहल यांत फरक काय, असे कोणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो: यात्रेकरू श्रद्धेने जातो, सहलीला जाणारा करमणुकीसाठी. उत्तर सोयीचे आहे, पण फारसे खरे नाही. पंढरीच्या वाटेवर करमणूक पुष्कळ असते, आणि अजिंठ्याला बसमधून उतरलेला एखादा माणूस पद्मपाणीसमोर भाविकापेक्षाही अधिक गप्प होतो. सरकारी भाषेने तर हा भेद केव्हाच मिटवून टाकला आहे. केंद्र सरकारच्या 'स्वदेश दर्शन' योजनेत बौद्ध सर्किट आहे, तीर्थंकर सर्किट आहे, हेरिटेज आणि आध्यात्मिक सर्किटही आहे. भाविक आणि पर्यटक एकाच रस्त्याने, एकाच बसने जातात आणि एकाच ढाब्यावर जेवतात.

म्हणून मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पवित्र जागी आपल्याला जे सांगितले जाते आणि परतल्यावर आपण जे इतरांना सांगतो, ते खरे असण्याची जबाबदारी कोणाची? आणि गोष्ट गोड असेल, ऐकणारा खूश होत असेल, सांगणाऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर ती खरी असलीच पाहिजे असा हट्ट का धरावा?

मी गेली काही वर्षे जयपुरात राहते. महाराष्ट्रातून पाहुणे येतात. आमेर, हवामहल, जंतरमंतर झाले आणि त्यांच्याकडे एक दिवस उरला, की मी त्यांना बैराटला नेते. बैराट म्हणजे विराटनगर. जयपूरहून साधारण ८५-९० किलोमीटर. पूर्वी ते जयपूर जिल्ह्यातच होते. २०२३ पासून नव्या कोटपुतली-बहरोड जिल्ह्यात गेले आहे. अरवलीच्या उघड्या, मोठमोठ्या धोंड्यांच्या टेकड्यांमध्ये वसलेले हे गाव आहे. बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरांच्या खुणा इथे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्या दोघींच्याही वर महाभारत पसरलेले आहे. वरचा प्रश्न मला इथेच पडला. तो सुटतो का पाहायचे, तरी इथूनच सुरुवात करावी लागेल.

गावाबाहेरच्या एका टेकडीला 'बीजक की पहाडी' म्हणतात. 'बीजक' म्हणजे यादी, आणि विशेष अर्थाने पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा लेख. टेकडीला हे नाव पडले ते तिथल्या एका शिलालेखामुळे. न वाचता येणारी अक्षरे दगडावर दिसली की ती गुप्तधनाची खूण असणार, असे समजण्याची रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. १८४० साली कॅप्टन बर्ट या इंग्रज अधिकाऱ्याला हा लेख आढळला. तो वाचला गेला तेव्हा कळले की लेख अशोकाचा आहे आणि त्यात खरोखरच एक यादी आहे, पण धनाची नव्हे. स्वतःला मगधाचा राजा म्हणवणारा अशोक तिथे भिक्षुसंघाला नमस्कार करतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरची आपली श्रद्धा सांगतो आणि मग सात धम्मग्रंथांची नावे देतो. भिक्षूंनी, भिक्षुणींनी, उपासकांनी आणि उपासिकांनी हे पुन्हा पुन्हा ऐकावेत आणि त्यांवर विचार करावा, एवढीच त्याची इच्छा. सम्राटाने प्रजेला दिलेली वाचनाची यादी, असे हे बीजक आहे.

ती शिळा आज बैराटला नाही. ती कलकत्त्याला नेली गेली आणि एशियाटिक सोसायटीत आहे. टेकडीवर उरले आहे ते एका गोल चैत्यगृहाचे जोते आणि वरच्या टप्प्यावर विहाराच्या खोल्यांचे अवशेष. १९३५-३६ मध्ये दयाराम साहनी यांनी जयपूर संस्थानासाठी इथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले हे चैत्यगृह विटा आणि लाकूड वापरून बांधलेले होते. विटांच्या भिंतीत ठरावीक अंतरावर बसवलेले सव्वीस अष्टकोनी लाकडी खांब होते. डोंगरात न खोदता मोकळ्यावर बांधलेल्या, आजवर सापडलेल्या अगदी जुन्या भारतीय मंदिरांत त्याची गणना होते. मराठी माणसाला ते पाहताना जुन्नरची तुळजा लेणी आठवावीत. तिथेही गोल चैत्य आहे, स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत, फक्त सगळे कातळात कोरलेले. बैराटला लाकूड जळून-कुजून गेले, जुन्नरला दगड राहिला. एकीकडे जे गेले ते कसे दिसत असेल, हे दुसरीकडे गेल्यावर थोडेफार कळते.

मात्र बैराटला आलेल्या माणसाच्या कानावर यातले सहसा काहीच पडत नाही. त्याला पांडव भेटतात. हे विराट राजाचे नगर, मत्स्य देशाची राजधानी. पांडव अज्ञातवासात इथेच राहिले. ही भीमाची डुंगरी, इथे कीचक मारला. ड्रायव्हर सांगतो, चहावाला सांगतो, पायऱ्या चढणारा सहप्रवासीही सांगतो. सगळे मनापासून सांगतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांना आपण पांडवलेणीच म्हणतो. लेण्याद्रीला जो गिरिजात्मज गणपती आहे तो एका बौद्ध विहारात बसलेला आहे. कार्ल्याच्या चैत्याच्या दारात एकवीरा आहे, आणि डोंगर चढणाऱ्या कोळी बांधवांपैकी बहुतेकांचा नवस तिलाच असतो. जो समाज एखादी जागा सोडून गेला, त्याची आठवण पुसली जाते. जागेचे पावित्र्य मात्र लोकांना जाणवत राहते. मग ज्या थोर माणसांची नावे लोकांना माहीत असतात त्यांच्या नावावर ती जागा जमा होते. कोणी मुद्दाम खोटे बोललेले नसते. एवढा मोठा डोंगर कोरणारे हात साध्या माणसांचे कसे असतील, हा भाबडा आणि खरे तर आदराचाच प्रश्न त्यामागे असतो.

तेव्हा पांडवांची गोष्ट निरुपद्रवी आहे असे म्हणून मी पुढे गेले असते. पण 'निरुपद्रवी' हा शब्द नेहमी कोणाच्या तरी बाजूने उच्चारलेला असतो. एकदा माझ्यासोबत नागपूरकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. धम्मदीक्षेच्या वेळी त्या आईच्या कडेवर होत्या, असे त्यांनी गाडीत सांगितले होते. म्हणजे १९५६ चा ऑक्टोबर. त्या गोल जोत्यापाशी त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, हलक्या आवाजात त्रिशरण म्हटले. आमचा ड्रायव्हर जवळ येऊन कौतुकाने म्हणाला, "माताजी, यहीं पांडवों की बैठक लगती थी." बाई त्याच्याकडे पाहून हसल्या, काही बोलल्या नाहीत. खाली उतरताना मला म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे लेण्यांवर गेलं तरी हेच ऐकायचं. आमचं काही होतं, हे सांगायला दर वेळी आम्हीच का बोलायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. एकाला जी गोड लोककथा असते, ती दुसऱ्याला आपले अस्तित्व नाकारणारी वाटू शकते. ड्रायव्हर खोटे बोलला नव्हता. त्याला जे माहीत होते ते त्याने प्रेमाने दिले. तरीही बाईंचे काहीतरी हिरावले गेले. कोणी खोटे बोलत नसताना असत्य टिकून राहते, ते कसे आणि कोणाच्या जिवावर?

इथे अशोकाच्या यादीकडे परत यायला हवे. तिच्यातल्या ग्रंथांची नावे लेखात जुन्या प्राकृत रूपांत आहेत आणि काही नावे आजच्या पाली त्रिपिटकात तशीच्या तशी सापडत नाहीत. ती कोणत्या सुत्तांची, हे ओळखण्याचे काम ज्या थोड्या अभ्यासकांनी केले, त्यांत गोव्यातल्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी होते. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून १८९९ च्या सुमारास घर सोडून निघालेला, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पायाखाली घातलेला हा माणूस. १९१२ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त त्यांनी या लेखावर टिपण लिहिले आणि यादीतली नावे सुत्तनिपात, अंगुत्तरनिकाय वगैरे ग्रंथांतल्या सुत्तांशी जुळवून दाखवली. पुढे मराठीत बुद्धचरित्र लिहितानाही त्यांनी या यादीचा आधार घेतला. बैराटच्या टेकडीवर मराठीचा असा एक जुना पाय लागलेला आहे, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते.

यादीतले शेवटचे नाव सर्वांत असंदिग्ध आहे, कारण तिथे अशोकाने एक खुलासा जोडला आहे. बुद्धाने राहुलाला केलेला उपदेश, असे म्हणून तो थांबत नाही. असत्यासंबंधीचा उपदेश, असे स्पष्ट करतो. राहुलाला केलेले उपदेश एकाहून अधिक आहेत, तेव्हा घोटाळा होऊ नये म्हणून ही खबरदारी. मज्झिमनिकायातल्या या सुत्तात बुद्ध आपल्या मुलाला, जो आता श्रामणेर आहे, एका भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवतो आणि सांगतो की जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य एवढेसेच आहे. मग ते पाणी फेकून देतो, भांडे पालथे करतो, रिकामे दाखवतो. थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही हे शिक, असे त्याला सांगतो. आणि शेवटी आरशाचा दृष्टांत देऊन एक कसोटी देतो: काही करण्यापूर्वी, करत असताना आणि करून झाल्यावर, तिन्ही वेळा पाहा की यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का.

म्हणजे बैराटच्या डोंगरावर जे धन खरोखर नोंदलेले होते, त्यात 'गमतीनेही खोटे नको' हे एक होते. आणि त्याच डोंगरावर आज सर्वांत स्वस्त काय असेल तर गमतीची गोष्ट. या विसंगतीवर हसून मोकळे होता येईल. मला ती अधिक गंभीर वाटते, कारण सुत्तातली कसोटी दुहेरी आहे. एक, बोलणारा जाणूनबुजून बोलतो आहे का. दुसरी, कोणाला पीडा होते आहे का. ड्रायव्हर पहिल्या कसोटीला उतरतो. पण जे जाणतात त्यांचे काय? ज्यांनी फलक लिहिले, माहितीपत्रके छापली, सर्किट आखली. आणि माझ्यासारखे, जे वाचून आलेले असतात आणि ड्रायव्हरच्या गोष्टीला मान डोलावतात? जाणणाऱ्याचे मौन हे असत्यात मोडते की नाही, हा प्रश्न इथे चुकवता येत नाही.

आता दुसरी बाजू. 'हे फक्त बौद्धांचे, बाकी सगळे खोटे' असे म्हटले की सत्य हाती लागते का? बैराट गावातच एक जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर शके १५०९, म्हणजे १५८७ सालचा मोठा शिलालेख आहे. अकबराच्या राजवटीत इंद्रराज नावाच्या श्रीमाळी गृहस्थाने विमलनाथांचे मंदिर बांधले आणि हीरविजयसूरींच्या हस्ते प्रतिष्ठा झाली, असे तो सांगतो. अकबराने वर्षातले एकूण १०६ दिवस प्राणिहत्या बंद केल्याचाही त्यात उल्लेख आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे काम करताना देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी या लेखाची नोंद केली. म्हणजे एकाच गावात अशोक आहे, अकबर आहे, बुद्ध आणि विमलनाथ आहेत. आणि पांडवही आहेत, कारण शतकानुशतके हजारो माणसे त्यांच्यासाठी इथे आली, तीही या जागेच्या इतिहासाचाच भाग आहेत. पांडवांना हाकलून दिलेले बैराट हे बुद्धाला विसरलेल्या बैराटइतकेच अपुरे होईल.

जैन विचारात या पेचासाठी एक साधन आहे, आणि ते फार वेळा चुकीचे सांगितले जाते. अनेकान्तवाद म्हणजे 'सगळ्यांचेच खरे' असे आपण समजतो. 'स्यात्' या शब्दाचे भाषांतर 'कदाचित' असे करतो. पण जैन तार्किक 'स्यात्' म्हणतात तेव्हा त्यांना शंका व्यक्त करायची नसते; 'अमुक एका अपेक्षेने' असे म्हणायचे असते. घट आहे, पण घट म्हणून आहे, पट म्हणून नाही. कोणत्या बाजूने बोलतो आहोत ते सांगितल्याशिवाय विधान पुरे होत नाही, इतका कडक नियम त्यात आहे. तो लावला तर 'पांडव इथे राहिले' हे वाक्य लोकस्मृतीच्या अपेक्षेने खरे आहे, उत्खननाच्या अपेक्षेने नाही. दोन्ही अपेक्षा सांगा, मग हवी ती गोष्ट सांगा.

मराठीने याच कामासाठी एक छोटा शब्द दिला आहे: म्हणे. 'इथे म्हणे पांडव राहिले होते.' या एका शब्दाने बोलणारा स्वतःला गोष्टीपासून बोटभर दूर ठेवतो. गोष्ट तशीच राहते, तिची गोडी जात नाही, पण ती माझ्या डोळ्यांनी पाहिलेली नाही, माझ्यापर्यंत आलेली आहे, हे कळते. आपल्या आज्यांच्या कहाण्या या 'म्हणे'वर चालायच्या आणि त्यांना खोटारड्या म्हणायची कोणाची छाती नव्हती. पर्यटनाच्या भाषेतून नेमका हा शब्द गळून पडला आहे. फलकावर, माहितीपत्रकात, भाड्याच्या हेडफोनमधल्या आवाजात सगळे 'आहे', 'होते', 'घडले' असते. 'म्हणे'चे 'आहे' झाले की लोककथेचा दावा होतो, आणि दावा झाला की प्रतिदावा येतो.

'म्हणे'ची आणखी एक छटा मराठी माणसाला सांगायला नको. 'काय तर म्हणे, पाच पांडव!' हा म्हणे खोचक आहे. तो ऐकीव गोष्टीपासून दूर होतो आणि सांगणाऱ्याला खाली ढकलतो. शिकलेल्या प्रवाशाला हाच म्हणे अधिक सोयीचा वाटतो. तीर्थस्थळी हे दोन्ही म्हणे शेजारी शेजारी उभे असतात, आणि कोणता उच्चारायचा हे आपल्या हाती असते.

जागा सोडून गेलेल्या समाजाच्या बाबतीत हे एक वेळ सोपे आहे. जिथे समाज आजही पूजा करतो आहे, तिथे काय करायचे? जयपूरच्या दक्षिणेला सांगानेरला संघीजींचे जुने दिगंबर जैन मंदिर आहे. कोरीव शिखरांसाठी परदेशी पाहुणेही तिथे येतात. बाजूला ठशांच्या कापडांची खरेदी होते. मंदिराखाली सात मजले आहेत, खालच्या मजल्यांत यक्षांनी राखलेल्या मूर्ती आहेत, आणि फक्त तपस्वी दिगंबर मुनीच तिथे उतरून ठरावीक काळापुरत्या त्या मूर्ती बाहेर आणू शकतात, अशी श्रद्धा आहे. खाली काय आहे ते मोजायला पाहुण्याने जाऊ नये. ते त्याला दिलेले नाही. न दिलेले न घेणे हे बौद्ध आणि जैन दोघांच्याही पहिल्या नियमांपैकी आहे: पालीत अदिन्नादान, जैनांकडे अदत्तादान. पूजा करणाऱ्या वृद्धेचा चेहरा न विचारता मोबाइलमध्ये घेणे हेही मला त्याच सदरात मोडणारे वाटते. पर्यटक तीर्थस्थळी सर्वांत जास्त काय नेत असेल तर न दिलेल्या प्रतिमा.

मग बैराटची शिळा? तीही कोणी दिलेली नव्हती, नेली गेली. नियम लावायचा तर तो तिथेही लावायला हवा. पण इथे गोष्ट अवघड होते. बैराटलाच दुसऱ्या एका टेकडीच्या पायथ्याशी अशोकाचा आणखी एक लेख आहे, लघुशिलालेख. तो जागेवरच राहिला, आणि ऊन, पाऊस, वारा खाऊन इतका झिजला आहे की नवख्या डोळ्याला अक्षरे दिसत नाहीत. नेलेला लेख वाचता येतो, राहिलेला येत नाही. न दिलेले नेणाऱ्यामुळे कोसंबींना ती सात नावे मिळाली. यातून नेणे योग्य होते असे ठरत नाही. एवढेच कळते की चुकीच्या कृतीचे फळही पुढच्यांच्या पदरात पडते आणि ते फळ घेतल्यावर ऋण मान्य करावे लागते. ज्या शाळकरी मुलांना कलकत्त्याला कधी जाता येणार नाही, त्यांना टेकडीवर त्या सात नावांचा हिंदीत आणि ढूंढाडीत अर्थ वाचायला मिळावा, एवढी तरी परतफेड आपण सगळे मिळून करायला हवी.

पैशांबद्दलही दोन शब्द, कारण तीर्थे बिघडली ती पैशाने, असे आपण लगेच म्हणतो. साहनींना बैराटच्या विहारात एका मडक्यात कापडात गुंडाळलेली ३६ चांदीची नाणी मिळाली. त्यांतली २८ यवन राजांची होती, आणि त्यांपैकी १६ मिनँडरची. म्हणजे पाली 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद, ज्याच्या नावाने बाबासाहेबांनी औरंगाबादचे महाविद्यालय काढले. भिक्षूने सोने-चांदी स्वीकारू नये असा विनयाचा नियम, आणि नाणी विहाराच्या खोलीत. ती कोणाची होती, कशासाठी ठेवली होती, याला आता उत्तर नाही. कार्ल्याच्या चैत्याचे खांबही धेनुकाकटच्या यवनांनी आणि व्यापाऱ्यांनी दिलेले आहेत. व्यापार आणि तीर्थ एकाच वाटेने चालत आले. तेव्हा तिकीट, टपरी, हॉटेल यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. पैसे घेऊन खरे सांगणेही शक्य असते.

आणि खरे सांगण्याची किंमत काय असते, हे याच शहराला ठाऊक आहे. अठराव्या शतकात जयपुरात पंडित टोडरमल होऊन गेले. त्यांच्या 'मोक्षमार्गप्रकाशक' या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात इतरांवर टीका आहेच, पण सर्वांत कठोर प्रकरण स्वकीयांसाठी आहे. घराण्यात चालत आले म्हणून जो जैन आहे, परीक्षा न करता मानतो, वीतराग जिनाकडे संसारातली सुखे मागतो, तो जैन असूनही मिथ्यादृष्टीच, असे ते सांगतात. सांप्रदायिक वैमनस्यातून त्यांना राजाज्ञेने मृत्युदंड झाला, असे जैन परंपरा मानते. आज त्यांच्या नावाचे स्मारक भवन जयपुरात आहे. परीक्षा करून मानणे हा श्रद्धेचा अपमान नाही, हे त्यांच्याकडून शिकायचे असेल तर आधी आपल्या घरच्या 'आहे'ला 'म्हणे' लावून पाहावे लागते.

वारशाचे कौतुक आणि वारशाची मागणी यांत केवढे अंतर असते, हे जयपूरने २०१५ मध्ये पाहिले. १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाने जैनांच्या संथारा व्रताला आत्महत्येच्या बरोबरीचे ठरवले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या वादाचा निवाडा या लेखात करता येणार नाही. पण ज्या शहरात जिनमूर्तींची छायाचित्रे काढायला जगातून माणसे येतात, तिथेच त्या मूर्तींनी सुचवलेले मरण कायद्याच्या दारात उभे राहिले, हे विसरता येत नाही. बैराटच्या यादीतली सुत्ते ओळखणाऱ्या कोसंबींनी आयुष्याच्या अखेरीस पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर मराठीत पुस्तक लिहिले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. बौद्ध पंडिताने जैन रीतीचे मरण निवडले. ते बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. त्यांनी वाचलेल्या गोष्टींना सहलीची माहिती मानले नाही, यावर वाद होऊ शकत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांकडून एवढी मागणी कोणी करणार नाही. आपल्याकडून मागितले आहे ते फारच थोडे, आणि म्हणूनच ते टाळायला सबब नाही. जागेवर जाण्यापूर्वी ती कोणाकोणाची होती एवढे विचारावे. तिथे असताना ऐकीव ते ऐकीव म्हणून ऐकावे, सांगणाऱ्याला खाली न ढकलता. आणि परतल्यावर चार लोकांत गोष्ट सांगताना, जे पाहिले त्याला 'आहे' म्हणावे, जे ऐकले त्याला 'म्हणे'. आधी, मध्ये आणि नंतर, अशी तीनदा तपासणी राहुलाला सांगितली होती. ती प्रवासालाही चालते. त्या बाईंच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर एवढेच आहे. आमचे काही होते हे दर वेळी त्यांनीच सांगावे लागणार नाही, जर ज्यांचे ते नव्हते त्यांनी ते सांगायला सुरुवात केली. ड्रायव्हरने पांडव सांगावेत, ते त्याचे आहेत. त्यानंतर कोणीतरी अशोकही सांगावा. तो सांगायला बौद्ध असावे लागत नाही.